कांद्याच्या फोटोत आबा

शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे शुद्धलेखन कच्चं आणि शब्द साधे आहेत, सांभाळून घ्या. अनुदानासाठी पिकाचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा होता आणि मुदतीचा एकच दिवस उरला होता. कंपनीतून सुटून मी शेतात गेलो, तर माझे वडील नवा फेटा बांधून कांद्यापुढं उभे.

"आबा, बाजूला व्हा की."

"शेत माझं, कांदा माझा, अन् फोटोत मी न्हाई व्हय?"

सोबत आलेल्या तलाठी मॅडम म्हणाल्या, "काका, अनुदान कांद्याला आहे, तुम्हाला नाही."

"मग खातं बी कांद्याच्याच नावानं उघडा," म्हणत आबा घरी निघून गेले, तोवर फोटो काढायला उजेडच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टच्या आधी मी नुसत्या कांद्याचा फोटो पाठवला. मग आबांना फेटा बांधायला लावून त्यांचाही काढला आणि म्हणालो, "ह्यो बी गेला सरकारकडं."