डिपरचा इशारा

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका, पण पुतण्या संतोषनं पिकअपला झगझगीत एचआयडी दिवे बसवले, त्याच संध्याकाळी आम्ही कांदा घेऊन वैजापूरच्या बाजाराला निघालो. समोरून येणारी प्रत्येक गाडी डिपर मारू लागली.

"काका, पुढं पोलीस हायेत. लोक सांगायलेत."

"हे दिवे कायद्यात बसतात ना रे?"

"नाय. पण उजेड लई हाय."

आम्ही डांबरी सोडून शेतातल्या वाटेला लागलो. तिथंही एका मोटारसायकलवाल्यानं डिपर मारला.

"इथं बी बसलेत व्हय!" म्हणत संतोषनं कांद्यासकट गाडी घराकडं वळवली.

काही वर्षांनी पैठण रस्त्यावर तसेच दिवे माझ्या गाडीसमोर आले. काही दिसेना, म्हणून मीच डिपर मारला. तेव्हा खात्री पटली, त्या संध्याकाळी पोलीस कुठंच नव्हते.