मोजणारीला मोजे

बाई : टाकीपाशी नऊ, फाटकाजवळ सात, झाडाखाली पाच. आणि मेन स्विच बंद करून माझ्याशेजारी येऊन उभे राहिलात ते तुम्ही. एकूण बावीस. हजेरीवहीत मात्र तेवीस.

वायरमन : हे मला पाठ आहे, बाई. तीन महिने आल्यागेल्याला हेच सांगतोय. त्या खिडकीजवळच्या आजींनासुद्धा पाठ झालं असेल.

फिजिओ : काका, आधी शेक. दहा मिनिटं गुडघा हलवायचा नाही, मग वाकवू. दोन आठवडे अडुसष्ट अंशांवर अडकलाय, आज मला सत्तरच्या वर हवाय. ताई, तुम्ही बसा त्या स्टुलावर.

वायरमन : या आमच्या शिवणखात्याच्या सुपरवायझर. भूकंपाच्या दिवशी बाहेर आलेल्यांची डोकी यांनीच मोजली. बाई, हिला सांगा, भूकंपाने सोडलं तरी ही सोडत नाही.

फिजिओ : बोलत बसा. मी त्या आजींचा खांदा बघून येते.

बाई : मला तुमच्याशी बोलायचंय. आणि हे परत द्यायचंय.

वायरमन : मोजे? अहो, आपल्या कापड कापणाऱ्याच्या सासूने विणून तुमच्यासाठी माझ्याकडे दिलेत. म्हणाली, मोजणारीला मोजे. कानाने बहिरी, पण जीभ शाबूत आहे. एक लांब, एक आखूड झालाय म्हणून रुसलात की काय?

बाई : तिने ते विणले, कारण मी तुम्हाला आत पाठवलं.

वायरमन : मग खोटं आहे का ते? तिचं नाव वहीत नाही, ती आल्याचं कुणाला ठाऊक नाही. जावयाचा विसरलेला डबा द्यायला आली आणि कापडाच्या गठ्ठ्यांमागे पंख्याखाली लवंडली. तिला घंटा काय ऐकू येणार? तुम्ही म्हणालात, एक कमी आहे, बघून या. मी गेलो, तिला कापणीच्या टेबलाखाली ढकललं, आणि दुसरा हादरा आला. तुळई माझ्या गुडघ्यावर. चार तास.

बाई : माहीत आहे.

वायरमन : नाही, हे ऐका. मी देवाचं नाव घ्यायचो ते फक्त शॉक बसल्यावर. तिथे अंधारात पडल्या पडल्या पटलं, की आपल्याला नेमकं पाठवलंय कुणीतरी. तेव्हापासून सकाळी डोळा उघडला की आधी हात जोडतो, मग कुबडी शोधतो.

बाई : तेच मला ऐकवत नाही.

वायरमन : का बरं?

बाई : कमी असलेला तेविसावा माणूस कोण, हे कधी मनात आलं नाही?

वायरमन : म्हातारीच की.

बाई : तिचं नाव वहीत नव्हतं. आत्ताच म्हणालात.

वायरमन : हां. मग?

बाई : वहीत पहिली सही माझी असते. मी सगळ्यांची डोकी मोजली, स्वतःचं मोजलं नाही.

(वायरमन बोटांवर पुन्हा मोजून बघतो.)

वायरमन : म्हणजे वहीतलं कुणीच आत नव्हतं.

बाई : नाही.

वायरमन : कधी कळलं तुम्हाला?

बाई : त्याच संध्याकाळी. वाचलेल्यांची यादी लिहिताना. आमची तेवीस नावं पूर्ण भरली, आणि म्हातारी धरून चोवीस.

वायरमन : आणि तरी दर मंगळवारी घरी येत राहिलात. संत्री घेऊन.

बाई : दर वेळी सांगायचं ठरवूनच यायची. तुम्ही देवाचं काढलंत की तोंडाला कुलूप.

वायरमन : मला वाटायचं, बाईंचा जीव आहे आपल्यावर. ही तर दंडाची संत्री निघाली.

बाई : तसंच समजा.

वायरमन : बायको मला मोरीपर्यंत धरून नेते, बाई. रोज. ती विचारायची, बावीस माणसांत तुम्हीच का? मी सांगायचो, मला पाठवलं होतं. आता तिला काय सांगू? बाईंना तेविसापर्यंत मोजता येत नाही?

बाई : हेच सांगा. खरं तेच आहे.

वायरमन : आणि मोजता आलं असतं तर?

बाई : तुम्ही माझ्याशेजारी उभे राहिला असता. दोन्ही गुडघे धड.

वायरमन : म्हातारी?

बाई : त्याचा विचार मी पुष्कळ केला. ती वाचली म्हणून माझं उत्तर बरोबर ठरत नाही. बावीस चूकच होते.

वायरमन : असू दे चूक. मी कुठे पुसायला निघालोय? पण मला पाठवायला त्या दिवशी देवाला तुमच्याशिवाय दुसरं कुणी मिळालं नसेल. आम्ही नाही का, धड तार हाताशी नसली की तुकड्यावर तुकडा जोडून दिवा लावतो? दिवा लागतो. कसा लागला ते आमचं आम्हाला माहीत.

बाई : म्हणजे तुम्ही मला माफ करताय?

वायरमन : नाही. आज नाही. आज मला राग आलाय, आणि शेकही गार झालाय. उद्या सकाळी हात जोडले जातात का, ते बघतो. मग काय ते कळवीन.

फिजिओ : झाली दहा मिनिटं. ताई, जरा मदत करता? हा कोनमापक धरा. एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी पोटरीच्या. मी वाकवते, तुम्ही आकडा वाचा.

बाई : मी नको. माझ्या मोजण्याचं काही खरं नाही.

वायरमन : धरा, बाई. आधी सांगा, या खोलीत माणसं किती?

बाई : तुम्ही, या, त्या आजी. तीन.

वायरमन : पुन्हा मोजा.

बाई : चार.

वायरमन : आणि ते मोजे पिशवीत टाका. म्हातारी दुसऱ्या मजल्यावर राहते. परत नेऊन द्यायला माझ्याच्याने जिना चढवत नाही.

फिजिओ : काका, बोलणं बंद. श्वास सोडा. अजून. थोडं अजून.

वायरमन : आई गं.

फिजिओ : बास. ताई, किती?

बाई : एकाहत्तर.