एकाच घरच्या गाठी

(एमआरआयच्या खोलीबाहेरचं बाकडं. दादा प्लंबर, धाकटी बहीण शिवणवर्ग चालवते.)

बहीण : तपासणी तुझी ना? मग ती सिस्टर मला का विचारतेय, अंगात कुठे धातू बसवलाय का म्हणून?

दादा : विचारतेय तर सांगून टाक.

बहीण : दादा, माझ्याकडे बघ.

दादा : बघतोय की.

बहीण : तू मला फसवून आणलंस.

दादा : हो, आणलं. माझं ऑपरेशन झाल्यापासून तुझ्या मागे लागलोय. आज वर्ग आहे, उद्या पाहुणे आहेत, परवा पाय मुरगळलाय. शेवटी म्हटलं, सोबत चल, एकट्याला भीती वाटते. तर लगेच चपला घालून दारात.

बहीण : मला वाटलं, खरंच घाबरलायस. आजचा वर्गही बंद ठेवला मी.

दादा : माझी तपासणी मागच्याच आठवड्यात झाली. एक मूत्रपिंड गेलं ते गेलं, उरलेलं ठणठणीत आहे.

बहीण : आणि हे आत्ता सांगतोस. धन्य आहे तुझी.

परिचारिका : ताई, कानातलं आणि केसांतल्या पिना काढून ठेवा. आतले पेशंट बाहेर आले की तुम्ही.

बहीण : मी नाही जाणार हो. यालाच घ्या परत.

परिचारिका : तुमचं तुम्ही ठरवा. जबरदस्तीनं आम्ही कुणालाच आत घेत नाही. बोला निवांत, अजून वेळ आहे.

दादा : ऐक तरी. माझ्या मूत्रपिंडातली काढलेली गाठ तपासल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अंगावर कुठे टणक दाणे आहेत का. मी सदरा वर केला. म्हटलं, हे आमचे घरचेच, आईच्या खांद्यावर होते, बहिणीच्या दंडावर आहेत, थंडीत ठणकतात. तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, बहिणीला गर्भाशयाचा काही त्रास होता का. मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं गं.

बहीण : तिशीच्या आत काढून टाकली माझी पिशवी. गाठींनी भरली होती म्हणाले. पण तिचा तुझ्या मूत्रपिंडाशी काय संबंध?

दादा : हेच विचारलं मी. म्हणाल्या, सगळ्यामागे एकच जनुक. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडलांकडची. मला आईकडची आली ती बिघडलेली. दुसरी चांगली आहे तोवर निभावतं. पण एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, की तिथलं एक आम्ल पुढे सरकत नाही, साचत जातं. मग त्या पेशीला वाटतं, आपला श्वास कोंडलाय. ती नव्या रक्तवाहिन्या मागवते आणि वाढत सुटते. कातडीत झालं तर दाणे, पिशवीत झालं तर तुझ्यासारख्या गाठी. मूत्रपिंडात झालं तर...

बहीण : तर तुझ्यासारखं.

दादा : हं. आणि कर्करोगाची ही जात वाईट. लिंबाएवढीही होत नाही तोच पसरायला लागते. सोनोग्राफीत सुटून जाते, म्हणून हे मोठं यंत्र. वेळेवर सापडली तर काढून टाकतात, आणि माणूस माझ्यासारखा तुमच्या डोक्यावर मिरे वाटायला परत येतो.

बहीण : रक्तावरून कळतं म्हणे.

दादा : रक्तही घेणार आहेत. पण तुझी पिशवी, तुझा दंड, हे सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, निकालाची वाट बघू नका, आधी मूत्रपिंडं बघून घेऊ.

बहीण : मला माझी भीती नाही रे.

दादा : मग?

बहीण : परवा लेकीचं माप घेत होते. पाठीवर दाणा दिसला. टेप तिथेच थांबली माझी. तिला म्हटलं, डास चावलाय. आज माझं नक्की झालं, तर तिला हे मीच दिलं असं होईल. कुठल्या तोंडानं बघू तिच्याकडे?

दादा : आपल्याला आईनं दिलं. तू तिच्यावर कधी रागावलीस?

बहीण : तिला बिचारीला कुठे ठाऊक होतं.

दादा : तिला ठाऊक नव्हतं. तुला आहे.

बहीण : आणि तिच्या पाठीवरचा तो दाणा?

दादा : तो दाणा साधाही असेल. आईबापाकडून मुलाला हे येण्याची शक्यता निम्मी, सगळ्यांनाच येत नाही. पण आलं असेल, तर तिला आपल्यापेक्षा कितीतरी आधी कळेल. दर वर्षी बघतील. काही दिसलं तर बारीक असतानाच काढतील. आईला हे मिळालं नाही.

परिचारिका : यांचं झालं. ताई, काय ठरलं तुमचं?

बहीण : येते. दादा, या पिना धर. कानातलंही. हरवलंस तर घरात घेणार नाही.

दादा : तू आत असताना लेकीला फोन करून ठेवू का? संध्याकाळी जेवायला बोलावतो, आणि जाता जाता रक्ताचं...

बहीण : काही नको. तुझं नाटक माझ्यावर चाललं तेवढं पुरे. तिला मीच सांगणार आहे, समोर बसवून, सगळं.

दादा : आणि घाबरली तर?

बहीण : तर सांगेन, मी आधी आत जाऊन आलेय.