मावशीच्या इअरफोनचं रबर

इअरफोनचं रबर घेणं म्हणजे दोन मिनिटांचं काम, असं वाटते ना? मंग एकदा आमच्या मावशीसोबत सिंदेवाहीच्या दुकानात जाऊन पाहा. तिच्या इअरफोनचे दोन्ही रबर मोहाच्या झाडाखाली कुठीतरी पडले, म्हणून मीच तिले घेऊन गेलो होतो.

दुकानवाले सलीमभाई एकेक साईज तिच्या कानात लावून पाहून राह्यले होते. मधली साईज बरोब्बर बसली.

"आता मुंडी हलवा, बाई. पडते का?"

"नाई पडत."

"पडनारच नाई! अन् बाहेरचा आवाज बिलकुल बंद."

मावशीनं लगेच दोन्ही कानांतून ओढून काढलं. "मंग नोको, भाऊ."

"काऊन?" मी चिडलो.

"पहाटे मोहफुलं वेचाले जंगलात जा लागते मले. वाघ दिसला का माकडं ओरडते. तेच ऐकू नाई आलं तर?"

"मंग फोन घरी ठेव ना!"

"पोरगी तेव्हाच फोन करते. पुण्याच्या दवाखान्यात रातपाळी करते ती. सुटली का आधी मले लावते."

सलीमभाईनं तिच्या हातातून इअरफोन घेतला. त्यांनी एकाच बाजूले रबर बसवलं अन् दुसरी बाजू तशीच मावशीच्या गळ्यात सोडली. "एक कान पोरीले, बाई. एक माकडायले."

मावशीनं हे हसत हसत पोरीले सांगितलं. पोरगी हसली नाई. आता रोज फोन लागला का आधी विचारते, "माय, माकडं चूप आहेत ना?"