पाय माहा, नवस तिचा

...अन् वरून तो इमा कंपनीचा वकील मलेच विचारते, "चालता येतं ना?" अरे बापा, चालता येते म्हणजे काय? भिंतीले धरून संडासले जाणं बी चालणंच हाय काय? तुमाले सांगतो, या ट्रकच्या केसमंधी माह्या पायाबद्दल लोक जेवढं बोलले ना, तेवढं माह्या लग्नात माह्याबद्दल बी कोणी बोललं नसन! डॉक्टर बोलला, पोलीस बोलला, वकील बोलले, इमा कंपनी बोलली... पाय माहा, बोलणारे दुसरे!

झालं असं का, मी पुंडलिकराव, भाजीपाला पिकवणारा माणूस. सकाळी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या अन् वांग्याचं पोतं गाडीवर बांधलं अन् निघालो जाम गावच्या चौकात विकाले. माह्या बाजूनं, बरं का, हळूहळू... पुढं एक म्हैस चालून राह्यली होती, तिच्याच चालीनं. मागून आला ट्रक, कोण्या परराज्यातल्या ट्रान्सपोर्टवाल्याचा, अन् दिली ठेवून! म्हशीले खरचटलं बी नाई. वांगे साऱ्या रोडवर, मी नालीत, अन् माहा उजवा पाय कोणीकडं वळला होता मलेच समजे ना. लोक धावले. अर्धे मले उचलाले, अर्धे वांगे उचलाले... खोटं काऊन सांगू?

वर्धेले दवाखान्यात नेलं. मी बेहोश. अन् बाहेर आमची कुंताबाई, माही बायको, आमच्या गावच्या टेकडीवरच्या माताय देवीले हात जोडून काय बोलली म्हणता? "माय, यायचा जीव वाचव, हे तुह्या पायरीवर अनवाणी चालत येतीन!" ऐकलं काय? 'मी येईन' नाई. 'हे येतीन'! मी तिकडं बेहोश पडून हावो, पायाचा चुरा झाला हाय, अन् इकडं त्याच पायाचं वचन देऊन मोकळी! पाय माहा, बोलणारे दुसरे!

जीव वाचला जी. पाय नाई वाचला. आतमंधी सळाख टाकली, तरी हाड वाकडंच जुळलं. डॉक्टर म्हणे, "दुसरं ऑपरेशन लागेल, नाहीतर आयुष्यभर उकिडवं बसता येणार नाही." आता मले सांगा, भाजीवाला उकिडवा बसला नाई तं करन काय? निंदण बसून, तोडा बसून, जुड्या बांधणं बसून, बाजारात इकणं बसून! उभ्यानं तं फक्त गिऱ्हाईक राह्यते.

म्हणून टाकला क्लेम. आमच्या वकीलबाई उज्वलाताई, भल्ली हुशार बाई. म्हणे, "दादा, चूक ट्रकचीच आहे, ती शाबीत होईल. त्यांच्या विमा कंपनीकडून ऑपरेशनचा खर्च घेऊ. तुम्ही फक्त पाय सांभाळा."

सांभाळला असता ना! पन घरी कुंताबाई सुरू. "अवो, नवसाचं अंगावर ठेवू नाई. उद्या काही कमीजास्त झालं तं?" मी म्हटलं, "पाय तं बरा होऊ दे, मंग जाईन." तं म्हणे, "नवस पायासाठी होता काय? जिवासाठी होता! जीव हाय ना?" आता याच्यावर काय बोलता? बोला ना!

गेलो. एका हातात काठी, दुसरा हात कुंताबाईच्या खांद्यावर, दर झाडाखाली बसत, कण्हत. टेकडी चढाची आली तवा संग आलेल्या भाऊबंदांनी मले पोत्यावानी उचललं. देवळापाशी आलो तं कुंताबाई वरडली, "उतरवा, उतरवा! मातायसमोर उचलून नेता काय?" उतरवलं. पायरीपर्यंत काय मोजके पावलं टाकले मी... डोळ्यासमोर काजवे! अन् समोर माहे साळे, बंडूजी, नव्या मोबाईलमंधी व्हिडिओ काढून राह्यले. "भाऊजी, हसा ना! तोंड रडकं दिसून राह्यलं!" हसलो बापा. दात आवळले का हसल्यावानीच दिसते.

त्या शहाण्यानं काय केलं? उचलून नेलं ते कापलं, बसलो-कण्हलो ते कापलं, तेवढेच पावलं ठेवले. त्याच्यावर ढोलताशाचं गाणं, अन् फेसबुकवर टाकून खाली लिहिलं, "मातायची कृपा! भाऊजी सोताच्या पायानं टेकडी चढले!" आष्टीपासून सिंदीपर्यंत साऱ्या सोयऱ्यांनी पाह्यलं. अन् सोयरा नसून बी एकानं पाह्यलं... कंपनीच्या वकिलानं!

कोर्टात उभा केला मले. मोबाईल दाखवला. "हे तुम्हीच ना?"

"मीच जी."

"नवस फेडायला गेला होतात?"

"हो जी."

"नवस पावल्याशिवाय कोणी फेडतं का हो?"

आता तुमीच सांगा! आपल्या साऱ्या जिल्ह्यात हाय काय कोणी, पावल्याबगर फेडणारा? म्हटलं, "नाई जी."

"म्हणजे तुमचा पावला?"

"पावला ना जी."

"बस. एवढंच विचारायचं होतं."

अरे, बस काय? म्हटलं, "सायेब, आयका तं, तो नवस जिवाचा होता, पायाचा नव्हता..." तं म्हणे, "विचारलं तेवढंच सांगा!" मागं पाह्यलं तं उज्वलाताईनं कपाळाले हात लावलेला, अन् कुंताबाईच्या तोंडावर भल्लं समाधान! भर कोर्टात माताय पावल्याची साक्ष झाली ना! मंग उज्वलाताईनं मले फिरून इचारलं, मी सारं सांगतलं, तं तो वकील म्हणे, "हे आता शिकवलेलं बोलताहेत." चाळीस वर्षं वावरात राबलेला पाय माहा, अन् बोलणारे...!

निकाल लागला. ट्रकची चूक? मंजूर. दवाखान्याचे जुने बिलं? मंजूर. दुसरं ऑपरेशन? नामंजूर! काऊन? तं पाय बरा झाल्याचं अर्जदारानं सोताच कबूल केलं म्हणे. राग येते जी, अंगाची आग होते! मी बांधावर खुर्ची टाकून बसतो अन् कुंताबाई एकटी वाकून वाकून वांगे तोडते. ते पाहवत नाई मले. लाज वाटते.

परवा उज्वलाताई म्हणे, नागपूरले हायकोर्टात अपील करू. म्हटलं करा. घरी येऊन सांगतलं तं कुंताबाई लगेच टेकडीकडं तोंड करून उभी, पदर डोक्यावर! "माय, अपील जिंकू दे, हे..."

"थांब!" मी वरडलो. "या बारीले तुह्या पायाचं बोल!"

तं शांतपणे म्हणे, "माहे पाय वावरात पाह्यजे ना वो. सारं काम आता मीच करतो. तुमाले कोणतं काम हाय?"

खरंच बोलली. तवापासून रोज घरामागं, भिंतीले धरून, टेकडी चढाची सवय करून राह्यलो. उज्वलाताईनं सांगतलं हाय, करा, पन कोणाले दिसू नका.