दिवे लागायच्या आत

हॅलो? … हां पूनम, बोल. वाती वळत बसलेय. फोन पाटावर ठेवलाय, स्पीकरवर. बोल तू.

… अगं हळू, एकेक सांग. लॅपटॉप चालू केल्यावर बीप आलं? … एस दाबून एन्टर? … मग बोलायला लागलं ना ते?

… हो, आवाज तसाच आहे त्याचा. नाकातून बोलतो, सर्दी झाल्यासारखा. होईल सवय. मला नाही का लग्नानंतर यांच्या घोरण्याची झाली. … हो, इथंच बसलेत की. ऐकू देत.

काय? पडदा काळाच आहे? कोण म्हणालं? … तुझा धुळादादा. … बरं, मग काळा तर काळा.

… हो, हो… अगं ऐक ना. बिचाऱ्यानं सोलापूरपासून सांगोल्यापर्यंत मांडीवर धरून आणला लॅपटॉप, तरी एसटीत पडदा फुटला. त्याला तो काय करणार? पण मला सांग, तू आणि मी, जन्मात कधी पडदा बघितलाय का? … मग. तुझ्यासाठी तो अख्खा आहे. फुटलाय तो डोळसांचा.

… नाही, दुकानात न्यायचा नाही. उद्या दहाला मुख्याध्यापकबाईंसमोर पत्र टाइप करून दाखवायचंय ना तुला? दुकानदार आठ दिवस ठेवून घेईल. शाळेतली ती जागा आठ दिवस कोण ठेवतंय? … पत्र बघायचं असेल तर शाळेचा टीव्ही जोडतील की. पडदा त्यांना लागतो, त्यांनी आणावा.

… हस, हस. लई बरं वाटलं. दादाला म्हणावं, दोन घास खाऊन घे.

आता कुठं आलीस? … डिस्क. हां. इथं घाई नको. एक हे, दोन ते, अशी यादी वाचतोय ना? त्यात एक लहान असेल, ती मी पोस्टानं पाठवलेली पेनड्राइव्ह. ती सोडायची. मोठी कितव्या नंबरवर? … परत ऐक. … दोन. मग दोन दाब, एन्टर.

… हो, सगळं पुसणार ते. … अगं, त्यात जुनं होतं काय? ते विकतचं बोलणारं, पैसे भरले नाहीत म्हणून चाळीस मिनिटांनी मुकं होणारं. अर्ध्या पत्रात मुकं झालं म्हणजे? हे आता बसवतेयस ते लिनक्स फुकट आहे, आणि दिवसभर बोलतं.

… जुनं गेलं आणि नवं बसलं नाही, तर? … तर उद्या तू रिकाम्या हातानं जाशील. खोटं कशाला सांगू?

… थांब हं. अहो, उजेड किती राहिलाय बाहेर? … समोरच्या देवळातला दिवा? … नाही ना अजून?

पूनम, ऐक. श्रावण आहे. दिवे लागले की माझं मौन, ते सकाळच्या पूजेपर्यंत. … तुझ्यासाठी मोडू? … असं मागू नकोस गं. सोळा वर्षं पाळलंय. … नाही, फोन नाही ठेवत. होस्टेलात भिंतीवर कसं ठोकायचो आपण? एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. रेक्टरबाईंना कधी कळलं का? … मग तेच.

आता ‘पुसू का’ विचारतंय ना ते, तिथं ‘हो’चा नंबर दाब. … दाबलास? … झालं. आता मागं फिरणं नाही.

टक्के सांगेल तो मधूनमधून. मध्येच गप्पही बसेल, बराच वेळ. तेव्हा तळहात ठेव त्याच्या अंगावर. ऊब आहे, आत पंखा घरघरतोय, म्हणजे चाललंय. बटणाला हात लावायचा नाही. मध्येच बंद केलंस तर जुनंही नाही नि नवंही नाही. दादालाही सांगून ठेव. … आणि शेवटी पेनड्राइव्ह काढ म्हणेल, ती काढायची, मग एन्टर. …

काय हो? लागला? … बरं. पूनम, दिवे लागले.

दाक्षायणी गप्प झाली. तिच्या नवऱ्यानं, विरुपाक्षांनी, समई लावली. तिनं विभूतीची डबी फोनजवळ ओढली आणि पलीकडून प्रश्न आला की ती नखानं डबीवर वाजवू लागली.

टक्.

टक्.

मग बराच वेळ काहीच नाही.

टक् टक्.

थोडं थांबून, जोरात… टक् टक्.

तिकडं आवाज त्र्याऐंशी टक्क्यांवर येऊन बंद पडला होता. पूनम रडवेली झाली होती आणि धुळादादा मागून म्हणत होता, बंद करून परत लाव. पूनमच्या कानाला आता दोन्हीकडून मुकेपणच होतं. टक् टक् तिला ऐकूच जाईना. दाक्षायणीच्या ओठाशी शब्द आला आणि सोळा वर्षं त्याच्या आड उभी राहिली.

मौनात बोलायचं नसतं. नामाला मात्र कुणाची मनाई नाही. तिनं फोन उचलून तोंडाशी धरला.

“ॐ नमः शिवाय… ॐ नमः शिवाय…”

अगदी सावकाश. होस्टेलात पूनम तापानं फणफणली होती, तेव्हा तिच्या उशाशी बसून म्हणायची तसं. म्हणायचं एवढंच होतं, की मी आहे, तू थांब. एका हातानं ती वाती वळत राहिली. वातींचा एक जुडगा झाला, दुसरा झाला. धुळादादाचा आवाज शांत झाला. आणि तिसरा जुडगा निम्मा असताना, मध्ये काहीच घडलं नसावं तसा तो सर्दीचा आवाज पुढचा टक्का सांगून गेला.

टक्.

पेनड्राइव्ह निघाली. टक्. एन्टर. टक्.

यंत्र निजलं, उठलं. पूनमनं फोन त्याच्याजवळ नेला असावा, आधी पंखा ऐकू आला, मग नाकातून, इंग्रजी वळणानं, नव्या मालकिणीचं नाव, “पूऽनम.”

दाक्षायणीचा हात डबीवर तसाच राहिला. वाजवायचं ती विसरली.

पलीकडं कीबोर्ड खडखडला. उद्याचं पत्र असेल, म्हणून तिनं कान दिला. यंत्रानं लिहिलेलं वाचून दाखवलं, एकेक शब्द तोडून, “दाक्षे. आता. तरी. बोल. की.”

टक् टक्.

पुन्हा खडखड. “मग. हस. तरी.”

मौनात हसणं चालतं का, हे गुरुजींना कधी विचारायचं राहूनच गेलं होतं. पदराचा बोळा तोंडाशी धरून दाक्षायणीनं फोन ठेवला.