शेठजीच्या बागेतली गोडी इहीर

माहं नाव सरजा, माहेर मोर्शीकडलं, बापाचा संत्र्याचा बगीचा होता, लहानच, पन जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा कसा बांधावा, कोनती साल जिती आन कोनती मेली, हे मले लुगडं नेसाले लागाच्या आंधीच येत होतं. मंग लग्न झालं आन अमरावतीले आली. घरधनी क्याम्पात एका इंग्रज सायबाच्या बंगल्यावर माळी. मानूस मुका म्हना ना, झाडासंग बोले तेवढंच. शेजारच्या बंगल्याचा बगीचा त्यायनं अंगावर घेतला, मेंदीचं कुंपन लागलं, गुलाबाचे वाफे खांदले, आन अर्ध्यातच ताप भरला, सातव्या दिवशी गेले. तेराव्याले त्या बंगल्याचा खानसामा आला, म्हने मडम पुसून रायली, आता बगीचा कोन पुरा करन? मी म्हनलं, मी करतो. तो हासला. हासू दे बाप्पा.

पयल्यांदा माह्या हाताखाली आली ते अनसूयामावशी. माह्याहून पंधरा वर्सानं मोठी, रांडमुंड, एक लेक. हरळीची लान, म्हंजे हिरवळ, लावावी तर तिनंच, एकेक कांडी बोटानं दाबत जाये, मांगं वळून पायलं तर दोरी धरल्यावानी सरळ. मले पोरी म्हने. मी मुकादम, ते मजूर, पन शिदोरी सोडली का पयला घास मले. क्याम्पातले बंगले झाले, मंग वकिलायचे, आमी अकरा जनं झालो. लोक म्हनत, सरजाबाईची टोळी. मले बरं वाटे, खोटं काहून सांगू.

मंग अकोल्याच्या एका शेठजीनं बलावलं. कापसाच्या जिनिंगचा मालक, नवा बंगला, चार एकराची बाग पायजे म्हने, अमरावतीच्या सायेबलोकायसारखी. मी सगळ्यायले म्हनलं, चाला. बडनेऱ्याहून गाडीत बसलो, टोपले, खुरपे, ओल्या गोनपाटात गुंडाळलेली कलमं, मावशी तिचा लेक घेऊन आली, त्याले शेठजीच्याच जिनात काम भेटलं. बंगल्याच्या भिंतीमांगं आमी कुडाची घरं बांधली. मले एकटीले बागेतली खोली देल्ली, मुकादमीन म्हून.

आता तुमाले अकोल्याचं पानी माईत आहे का? खारं. इहीर खांदा, पानी लागते, पन तोंडात घेववत नाही, झाडाच्या मुळाले देल्लं तर पानाच्या कडा जळतात. शेठजीच्या बागेत मातर एक इहीर गोडी होती. तिच्यावर मोट, मोटेवर आमची सारी बाग. दोन वर्सात अशी उठली ते बाग का रस्त्यानं जानारे टांगे थांबवत. मावशीच्या लेकाचं लग्न बी तठीच झालं, सून आनली गोदा, हासरी पोरगी, दुपारची भाकर घेऊन ये आन गुलाबाजवळ उभी राये.

त्या वर्सी पानी पडलं नाही. चैतातच वस्तीच्या कमी खाऱ्या इहिरी बी आटल्या, बाया मोर्णा नदीच्या पात्रात झिरे खांदून वाटीवाटीनं गढूळ पानी भरत. शेठजीच्या दिवानजीनं बागेच्या फाटकावर मानूस बसवला. म्हने, कामावर असतांनी प्या किती पेता ते, पन घागर भाईर जाऊ द्याची नाही, आज तुमाले देल्लं तर उद्या गाव येते. गोदा तवा बाळंत झाली होती, पंधरा दिवस बी झाले नव्हते. मावशी मले म्हने, पोरी, दोन घागरी फक्त, बाळंतिनीपुरत्या. मी म्हनलं, मावशी, इहीर माही थोडीच आहे.

तरी शेठजीकडं गेली, हात जोडले. ते झोपाळ्यावर बसले होते. म्हने, सरजाबाई, ही बाग वाळली तर तुमी अकरा जनं मले कायले पायजे? रागानं नाही बोलले, हे ध्यानात घ्या, सादं बोलले. मी भाईर आली आन मावशीले म्हनलं, थांब दोन दिवस, मी अखीन बोलतो. त्याच दुपारी हिरवळीवर मोटेचं पानी सोडलं, मीच दारं फोडलं पाटाचं. माह्या खोलीत गोड्या पान्याचा माठ भरून होता. काय सांगू तुमाले.

दोन दिवस झाले नाही, गोदाले हगवन लागली. झिऱ्याचं पानी. मी माठ उचलला, पदराखाली घेऊन फाटकातून गेली, मुकादमीन म्हून मले कोनी हटकलं नाही. म्हंजे आंधी बी जाता आलं असतं! पन ते मंग सुचलं. गोदा पानी पोटात ठेवतच नव्हती. दिवस मावळाच्या आंधी गेली.

तिसऱ्या दिवशी मावशी आली, गोदाच्या लेकराले पोटाशी धरून. मले वाटलं शिव्या देईन, मारन, मी उभी होती मार खायाले. तिनं खुरपं माह्या हातात देल्लं आन गेली.

मंग मी बागेचं वस्तीकडलं मांगचं दार उघडलं. सगळ्यायले म्हनलं, भरा. बाया आल्या, रांगेनं भरून नेलं, पन एकीनं बी माह्याकडं पायलं नाही. दिवानजी धावत आला, इहिरीच्या कठड्यावर दोघं दांडेवाले बसवले, मले सामानासकट भाईर काढलं. मोटेवाला बी आमचाच, तो बी गेला. आठ दिवसात बाग खराट्यावानी झाली, म्हनतात. मी पायाले गेली नाही. टोळी फुटली, कोनी जिनात लागलं, कोनी आपल्या गावी.

दोन वर्सानं अकोल्याले गेली होती एकदा, मावशीच्या दारी. तिचा लेक भाईर आला, म्हने, माय घरी नाही. आत लेकराशी बोलतांनी तिचा आवाज मले आयकू येत होता. मी हाओ म्हनलं आन ठेसनावर आली.

आता अमरावतीले रोपं इकतो, मोगरा, जास्वंद, एकटीच. मानसं हाताखाली ठेवत नाही. कोनी म्हनते सरजाबाई, एवढा हुन्नर, मोठं काम घे ना. नाही म्हनतो. घरी लेकरंबाळं आहेत ना तुमच्या? सुखी राहोत. हे जास्वंद घेऊन जा, लाल आहे, पैसे नका देऊ.